अडतिसाव्या पानावरचा काप

उल्का मगदूमनं तो काप मुद्दाम शेवटी ठेवला होता.

शुक्रवारी सकाळपासून चाकणच्या प्रयोगशाळेत ती आणि तिच्या वरिष्ठ देशमाने मॅडम एक जुनी दोनशेपानी वही उघडून बसल्या होत्या. वहीच्या पानापानावर रबराचा नखाएवढा काळा काप डिंकानं चिकटवलेला होता. शेजारी निळ्या शाईत तारीख, ठिकाण, सेकंद, तापमान. अक्षर एकविसाव्या वर्षीच्या उल्काचं, तेव्हाचं फार नीटनेटकं.

"हे सगळं ठेवलंस कशाला गं?" मॅडमनी विचारलं.

"सवय, मॅडम. शर्यत झाली की टायरच्या कडेचा एक काप काढायचा आणि चिकटवायचा. दादा चिडवायचा, पोरी वहीत पिंपळाची पानं ठेवतात, आमच्या उल्कीनं टायर ठेवलाय."

"तुझ्या दादाला सांग, पिंपळाच्या पानांचा मला काही उपयोग झाला नसता."

उपयोग होता तो टेबलावरच्या नव्या यंत्रासाठी. इस्त्रीएवढं ते यंत्र तीन आठवड्यांपूर्वी आलं होतं. ते पारखून घ्यायचं तर ज्यांचा सगळा इतिहास ठाऊक आहे असे टायर हवे होते, आणि असा इतिहास कोण लिहून ठेवतो? कोल्हापूरच्या मगदुमांच्या मुलीनं ठेवला होता.

रबर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबच लांब साखळ्या. थंड असताना त्या आखडून बसतात आणि टायर रस्त्यावरून नुसता घसरतो. तापला की साखळ्या सैलावतात, डांबराच्या बारीकसारीक खळग्यांत शिरतात आणि रस्ता घट्ट धरतात. म्हणून पाव मैलाच्या शर्यतीत सुटण्याआधी चालक पुढची चाकं ब्रेकनं जखडतो, मागची चाकं पाण्यात भिजवतो आणि जागच्या जागी गरागरा फिरवतो. पाणी उडून जातं, धूर निघतो, टायर तापतो. पण दर तापण्यागणिक रबरात गंधकाचे नवे दुवे जुळतात, साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात. आठ-नऊ वेळा तापलेला टायर तापमापकाला नव्याइतकाच गरम दिसतो, हाताला तसाच लागतो, पण धरत नाही.

कुठला टायर किती वेळा तापलाय हे कळावं म्हणून दहाएक वर्षांपूर्वी बनवणाऱ्यांनी शर्यतीच्या रबरात एक खास रेणू मिसळायला सुरुवात केली. प्रत्येक रेणूला ओळीनं बारा कड्या. रबर ऐंशी अंशांच्या वर गेलं की एक कडी उघडते, एकच. पुढची उघडायला रबर आधी पूर्ण थंड व्हावं लागतं. उघडलेली कडी परत मिटत नाही आणि जांभळ्या प्रकाशात नारिंगी चमकते. म्हणजे कड्या मोजल्या की टायर किती वेळा तापला ते कळतं, आणि प्रत्येक कडी किती खोलवर उघडली ते पाहिलं की दर वेळी किती सेकंद तापला तेही कळतं. गिऱ्हाइकाला हे कुणी सांगितलं नव्हतं. वाचायचं यंत्र तेव्हा खोलीएवढं होतं आणि बनवणाऱ्यांपाशीच होतं. आता ते इस्त्रीएवढं झालं आणि देशभर भंगारात पडलेले टायर एकाएकी साक्ष द्यायला लागले. उल्का आणि मॅडमनी त्यांना नावच दिलं होतं, साक्षीरेणू.

सदतीस पानं वाचून झाली. वहीत जिथं पाच वेळा लिहिलं होतं तिथं यंत्रानंही पाच सांगितलं. सेकंदांत फरक पडला तर दशांशाचा.

"अडतीस," मॅडम म्हणाल्या.

"ते राहू द्या, मॅडम. अपघाताचं आहे."

"म्हणजे सगळ्यात उपयोगाचं."

उल्कानं वही सरकवली. त्या पानावर काय निघणार हे तिला सात वर्षं पाठ होतं. एक कडी, एकच, आणि तीही वरवर उघडलेली. कोरा टायर, एकदाच तापवलेला, आणि पुरता न तापवलेला.

यंत्रानं बारीक शीळ घातली. पडद्यावर कडीमागं एक असे पट्टे उमटत गेले आणि थांबेचनात.

नऊ.

"यंत्र चुकलं," उल्का म्हणाली.

"सदतीस वेळा बरोबर आलं आणि आत्ता चुकलं?"

तिनं काप दोनदा फिरवून ठेवला. नऊच. नववा पट्टा खोल, भरलेला, काठोकाठ. चार पूर्णांक सहा दशांश सेकंदांचा. आधीचे आठ पट्टे तिला कुठंतरी पाहिल्यासारखे वाटले. तिनं मागची पानं चाळली. पान पस्तीस, फेब्रुवारी, दादानं, इंद्रजितनं, लागोपाठ जिंकलेल्या शर्यतींतली टायरांची जोडी. आठ पट्टे. त्या कापाची वरची जवळपास मिलिमीटरभर जाडी वजा केली, तर दोन्ही पानांवरचे आठही पट्टे एकमेकांवर तंतोतंत बसत होते. आणि मिलिमीटरभर रबर आपोआप जात नाही. कुणीतरी खरवडावं लागतं.

"उल्का, बस जरा," मॅडम म्हणाल्या. ती उभी आहे हे तिलाच कळलं नव्हतं.

* * *

कोल्हापूरजवळ माळवाडीच्या माळावर एक जुनी, बिनवापराची विमानाची धावपट्टी आहे. तिथं पाव मैलाच्या शर्यती होतात. पेट्रोलच्या गाड्या जाऊन विजेच्या आल्या, इंजिनांचा आवाज गेला, पण जळक्या रबराचा वास तोच राहिला. आणि एक रीत राहिली. टायर तापवताना गाडीच्या समोर दहा पावलांवर एक माणूस उभा राहतो. त्याला 'हात' म्हणतात. त्याचा पंजा उघडा असेपर्यंत चालकानं चाकं फिरवत राहायचं, मूठ मिटली की थांबायचं. मधे आपलं डोकं चालवायचं नाही, कारण चालकाला धुरात काही दिसत नसतं. हाताला टायर दिसतो, धुराचा रंग दिसतो, वास येतो. यंत्रं आली तरी शर्यतींच्या मंडळानं ही रीत सोडली नाही. गाडीनं आपले टायर आपण तापवायचे नाहीत, असा नियमच करून टाकला.

सात वर्षांपूर्वी कोल्हापुरात उल्कासारखा हात नव्हता. ती रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, थोरल्या भावाच्या गाडीपुढं उभी राहायची. धूर निळसर पांढरा होऊन दाटला, की ती मूठ मिटायची आणि मग तापमापक रोखायची. दर वेळी नव्वद ते पंचाण्णवच्या मधे.

अपघात झाला त्या फायनललाही तसंच झालं होतं. आदल्या दिवशी तिनं कोऱ्या जोडीच्या आतल्या बाजूला हळद-कुंकवाची बोटं ओढली होती. फायनलला कोरी जोडी सक्तीची, आणि कोऱ्या जोडीची पूजा उल्कानं करायची, ही त्यांच्या वर्कशॉपची पद्धत. सकाळी पाणी ओतलं, चाकं फिरली, तिनं मूठ मिटली. चार पूर्णांक सहा दशांश सेकंद, चौऱ्याण्णव अंश. तिनं लिहूनही ठेवलं. दिवा हिरवा झाला, गाडी सुटली आणि साठाव्या फुटावर शेपटी फेकून पट्टीकडेच्या भिंतीवर गेली. इंद्रजितच्या पाठीचा कणा मोडला.

चौकशी दवाखान्यातच झाली. उशाशी मंडळाचे पंच इनामदारकाका बसले होते. पाय मेलेला भाऊ छताकडं बघत म्हणाला, "उल्कीनं मूठ लवकर मिटली. टायर थंड होता."

उल्कानं वाद घातला नाही. घरी येऊन वही उघडली, चौऱ्याण्णव हा आकडा खोडला आणि शेजारी लिहिलं, 'मापक चुकला असावा.' त्याखाली, 'चूक : हाताची.' आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःचं मोजमाप खोटं ठरवलं, कारण समोर दादा होता आणि त्याचे पाय होते. मंडळानं तिचा परवाना काढून घेतला. जपानातली संशोधनाची जागा आली होती ती तिनं सोडली. चाकणला नोकरी धरली आणि दर शनिवारी कोल्हापूर गाठून भावाच्या पायांचा व्यायाम घेऊ लागली. सात वर्षांत चुकवलेले शनिवार चार.

आता इंद्रजित परत गाडीत बसणार होता. पाय लागत नाहीत अशी, सगळी हातच्या दांड्यांवर चालणारी गाडी त्यांच्या जुन्या मेकॅनिकनं, नाना सुतारांनी, बनवली होती. रविवारी माळवाडीला फायनल. आणि हात कोण? मंडळाच्या पाया पडून त्यानं उल्काचा परवाना परत मिळवला होता. "सगळ्या गावासमोर तुला माफ करतो बघ," तो फोनवर म्हणाला होता. त्या दिवशी उल्का जिन्यात बसून रडली होती. आनंदानं.

* * *

शनिवारी सकाळी कोल्हापुरात उतरून ती आधी उद्यमनगरात नाना सुतारांच्या वर्कशॉपात गेली. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. नाना मागच्या चाकाचे बोल्ट आवळत होते. उल्का सहा वर्षांची असल्यापासून हा माणूस तिला पाने-पकडी ओळखायला शिकवत आला होता.

"आलीस? चहा सांगू?"

"नाना, त्या फायनलला कुठली जोडी लावली होती?"

"कोरी की. तूच तर कुंकू लावलंवतंस."

"मी लावलं ती कोरीच होती. गाडीला होती ती फेब्रुवारीची. वरनं मिलिमीटरभर खरवडलेली."

नानांचा हात थांबला. "कोण म्हणालं?"

"तिनंच सांगितलं. जोडीनं."

नानांनी पाना खाली ठेवला, फडक्यानं एकेक बोट पुसलं. पुसून झालेली बोटं परत पुसली.

"तू नाष्टा आणायला गेलीवतीस," ते म्हणाले. "इंद्र्या आला. म्हणाला, नाना, कोरी जोडी मला वळखत न्हाई. जिंकलेली लावा. मी म्हटलं, आरं, नियम हाय. तर म्हणतोय, खरवडा की वरनं, कोण बघतंय? खरवडली. आणि तुझ्याच ताटलीतलं कुंकू बोटाला घेऊन..." ते थांबले. "तेवढं करताना तुझ्या ताटलीकडं बघवंना गं."

"आणि नंतर?"

"नंतर दवाखान्यात त्यानं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. जुनी जोडी निघाली तर जन्माची बंदी. म्हणाला, पाय गेले ते गेले, परवाना तरी राहू दे, कधी ना कधी परत बसीन. उल्कीला कॉलेज हाय, तिला काय फरक पडतोय."

"तुम्हालाही तसंच वाटलं?"

"न्हाई." नानांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "मला वाटलं, तुला कळणार. एवढं सगळं वहीत लिवतीस, आकडा बघशील आणि येऊन माझी गचांडी धरशील. रोज वाट बघितली. तू आली न्हाईस. मग म्हटलं, पोरीला कळलंय, आणि भावासाठी गप बसलीया."

उल्काला हसू आलं, आणि ते हसू तिला आवडलं नाही. सात वर्षं ती एका चुकीचं ओझं वाहत होती आणि हा म्हातारा तिच्यात एक मोठेपणा बघत बसला होता. दोन्ही खोटं. खरा होता तो वहीत खोडलेला एक आकडा.

* * *

दुपारी राजारामपुरीत दादाच्या खोलीत तिनं नेहमीसारखी सतरंजी अंथरली, त्याचा उजवा पाय उचलला आणि गुडघ्यात वाकवला. एक, दोन, तीन.

"आज जोरात वाकवतीयस," इंद्रजित म्हणाला.

"जाणवतंय?"

"मांडीत थोडं. ऐक ना, उद्या माइकवर बोलायचं पाठ केलंय." त्यानं घसा खाकरला. "मंडळी, सात वर्षांमागं याच जागी माझ्या बहिणीची मूठ चुकली. माणूस आहे, चुकतो. आज परत माझ्यासमोर तीच उभी राहणार आहे, कारण मी तिला मनापासनं माफ केलंय... कसं वाटतंय? 'मनापासनं' का 'मोठ्या मनानं'?"

अठरा, एकोणीस, वीस. तिनं पाय हलकेच खाली ठेवला.

"दादा, त्या टायरमधे नऊ कड्या उघडल्यात."

त्याला साक्षीरेणू माहीत होते. सगळ्या शर्यतवाल्यांना आता माहीत झाले होते. त्यानं नजर पंख्याकडं वळवली. मग म्हणाला, "नानानं सांगितलं?"

"आधी टायरनं."

"तुला काय करायचं होतं गं त्या परवान्याचं?" तो एकदम उसळला. "तू शिकलेली. चार ठिकाणी नोकऱ्या तुला. मला दुसरं काय येत होतं? गाडी चालवणं. तेवढंही गेलं असतं तर मी या पलंगावर काय केलं असतं, सांग."

"मला विचारलं असतंस, दादा. 'उल्के, माझ्यासाठी तुझ्यावर घे' म्हणाला असतास. मी घेतलं असतं."

हे ऐकून तो वरमला, कारण ते खरं होतं आणि दोघांनाही ठाऊक होतं.

"तू मला खरंच चूक करायला लावलीस," ती म्हणाली. "आकडा खोडायला लावलास. आणि आता माफ कशाबद्दल करणार आहेस?"

"लोकांसाठी गं ते. लोक म्हणतात ना तुझी चूक. उद्या मिटेल सगळं."

"माझीच चूक होती हे पक्कं होऊन मिटेल."

डावा पाय. एक, दोन, तीन. सवयीनं तिचे हात चालत होते.

"मी उद्या उभी राहीन," विसाव्या आकड्याला ती म्हणाली. "दोन गोष्टी कर. कोरी जोडी लाव. आणि माइकवर खरं सांग. बंदी आली तर येऊ दे. मंडळासमोर तुझ्या बाजूनं मी बोलेन, पण माझं नाव आधी धुवून दे."

मग त्यानं तिला जवळ ओढून आपला हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"सांगतो. आणि जोडी कोरी. तुझी शपथ."

तिनं विश्वास ठेवला. का, ते तिला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. असेल सवय.

* * *

रविवारी दहा वाजताच माळ तापला होता. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, भेळेच्या गाड्या, झाडाला टांगलेले कर्णे. उल्कानं वही पिशवीत घालून पिशवी इनामदारकाकांच्या टेबलाखाली ठेवली आणि खिशात जांभळ्या प्रकाशाची छोटी विजेरी टाकली. विजेरी कशासाठी घेतली हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

इंद्रजितला उचलून गाडीत बसवलं. टाळ्या झाल्या. निवेदकानं माइक खिडकीतून आत दिला. उल्का गाडीच्या पुढं उभी होती. तिला काचेतून त्याचा चेहरा दिसत होता. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग नजर लोकांकडं वळवली.

"मंडळी," कर्ण्यांतून आवाज आला, "सात वर्षांमागं याच जागी माझ्या बहिणीची मूठ चुकली."

पुढचं तिला पाठ होतं. त्यानं 'मोठ्या मनानं' हे शब्द निवडले होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांच्या बाजूला एक म्हातारी पदरानं डोळे पुसत होती. कुणीतरी ओरडलं, "भाऊ असावा तर असा!" इनामदारकाकांनी लांबून उल्काला मान डोलावून शाबासकी दिली.

गाडी सरकत पाण्याच्या चौकटीत आली. टायरमधे खडा अडकला नाही ना हे 'हाता'नंच बघायचं असतं. उल्का मागच्या चाकापाशी उकिडवी बसली. आतल्या बाजूला हळद-कुंकवाची ताजी बोटं ओढलेली होती. तिची नव्हती, तिला आज कुणी ताटली दिलीच नव्हती. तिनं अंगानं ऊन अडवलं आणि विजेरी लावली. कोरा टायर जांभळ्या उजेडात काळाच राहतो.

हा पिकल्या पपईसारखा नारिंगी झाला.

ती उठून खिडकीपाशी गेली. "दादा."

"बघितलंस?" तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. "सरावाची जोडी आहे. हातानं चालवायचं सगळं, त्यात कोरी जोडी... ती मला ओळखत नाही, उल्के. जरा जास्त तापव. सात सेकंद."

"काल शपथ घेतलीस."

"अगं, तू आहेस की समोर. दुसरा कुणी असता तर मी बसलोच नसतो. तुझा हात चुकत नाही, मला माहितीय."

किती सहज म्हणाला तो. पाच मिनिटांपूर्वी कर्ण्यांतून सगळ्या माळाला जे सांगितलं त्याच्या नेमकं उलट, खिडकीच्या काठावरून, एकटीला. सात वर्षांत हेच वाक्य त्यानं कधीही म्हटलं असतं तर तिला पुरलं असतं.

ती वळली. इनामदारकाकांचं टेबल वीस पावलांवर होतं. जाऊन सांगावं? 'माफी मिळाली तरी हिचं समाधान नाही,' हेच लोक म्हणणार. आणि न सांगता सात सेकंदांनी मूठ मिटावी, तर साठाव्या फुटावर तीच भिंत होती. रबर कितीही तापवलं तरी बांधल्या गेलेल्या साखळ्या सुटत नाहीत. हे माळावर फक्त तिला कळत होतं, आणि तिनंच त्याला भिंतीकडं सोडायचं होतं.

ती आपल्या जागी गेली. दहा पावलं. काच पुसलेली होती, मागं त्याचे डोळे.

चौकटीमागची माणसं हटवली गेली. पाणी ओतलं. उल्कानं उजवा हात वर केला आणि पंजा उघडला.

चाकं फिरायला लागली. आधी पाण्याचा फवारा, मग चुरचुर, मग धूर. एक, दोन, तीन, चार. धूर निळसर पांढरा झाला, दाटला. पाच. याच क्षणाला तिचा हात आपोआप मिटायचा. आताही बोटं आत वळू बघत होती. तिनं ती ताणून धरली.

सात. आठ.

लोक ओरडत होते. जास्त धूर म्हणजे जास्त मजा. दहा. धूर करडा झाला. वास बदलला, रबराचा जाऊन केस जळल्यासारखा. नाना भिंतीआडून पुढं आले आणि तिच्याकडं बघून तिथंच थबकले. त्यांच्या लक्षात आलं होतं.

बारा. काचेमागं इंद्रजितच्या भुवया वर गेल्या. दांडी त्याच्याच मुठीत होती. सोडली असती तर चाकं त्या क्षणी थांबली असती. त्यानं सोडली नाही. तो तिच्या पंजाकडं बघत राहिला, जसा पहिल्यापासून बघत आला होता, पापणी न हलवता. पंधरा. धूर काळा पडला. हा हात सांगतो तेच खरं, यात त्याला तेव्हाही शंका नव्हती, आताही नव्हती. अठरा. उल्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते धुराचं आहे असं कुणालाही वाटलं असतं. तिचा हात हलला नाही.

एकविसाव्या सेकंदाला डावा टायर फुटला, त्याच्यामागोमाग उजवा. तोफ उडाल्यासारखे दोन आवाज झाले. गाडी जागच्या जागी मागच्या बाजूनं धपकन बसली, रबराच्या चिंध्या रिकाम्या माळावर लांब उडाल्या.

मग उल्कानं सावकाश मूठ मिटली.

धूर विरळ झाला तेव्हा इंद्रजित काचेमागं धडधाकट बसलेला दिसला. दांडी अजून हातात. तिच्याकडं तो असा बघत होता, की जणू त्याची सात वर्षांपूर्वीची गाडी आत्ता, या क्षणी भिंतीवर आदळली होती. चौकटीत टायर फुटला की गाडी बाद होते, आणि पंच स्वतः काप काढून तपासणीला पाठवतात. तो काप सोमवारी चाकणला कुणाच्या टेबलावर येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

इनामदारकाका धोतराचा सोगा सावरत धावत आले. धापा टाकत त्यांनी एकदा चिंध्यांकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

"अगं, काय हे? परत मूठ चुकली काय तुझी?"

उल्कानं त्यांच्या टेबलाखालची पिशवी आणली, वही काढली, अडतिसावं पान उघडलं. खोडलेला आकडा, चौऱ्याण्णव, खोडरेघेतून अजून स्पष्ट वाचता येत होता. तिनं वही त्यांच्या हातात दिली.

"नाही, काका," ती म्हणाली. "या वेळीही नाही."